डोळे मिटून काढलेली दृष्ट

बाई, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून रडलेले नाही. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ही आता रडेल, मग रडेल. पन्नास वर्षं एका चुलीवर रांधलेल्या दोघी जावा. थोरली गेली तर धाकटीनं हंबरडा फोडायला हवा, असं त्यांना वाटत होतं. मला रडू आलं नाही. मी तुमच्यावर रागावलेली होते. मनात राग ठेवून वरून रडायचं सोंग मला जमत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

राग कशाचा ते आधी सांगते. तुम्ही लेकराकडे पाठ केलीत, त्याचा.

माझ्या मारोतीची लेक स्वाती बाळंत झाली आणि तान्ह्या मुलीला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यातून सरळ इकडे माहेरी आली. तुम्ही तेव्हा ओसरीत खाटेवर होतात. अन्न सुटलं होतं, दोन चमचे पेज कशीबशी जात होती. पोरीनं चप्पल काढली आणि घरात न जाता आधी तुमच्या खाटेपाशी आली. "मोठी आजी, बघ कोण आलंय," म्हणाली आणि लेकरू तुमच्या कुशीजवळ धरलं.

तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बाई, लेकरू आणलंय. इकडं बघा," मी म्हणाले.

"तीट लावली का?"

"लावली."

"मंग न्ये तिला आत. वारं लागंल."

"वारं कुटं आलं? बघा तर एकदा."

"न्ये म्हनते ना, मुक्ते."

स्वातीचे डोळे भरले. ती लेकरू घेऊन आत गेली. माझी मात्र सटकली. मी म्हणाले, "चार दिवस राह्यले तुमचे, अन् लेकराला पाठ दाखविता? माणूस हाव का दगड?" त्या संध्याकाळी मी पेज खाटेशी ठेवून निघून आले, सुनेनं भरवली. दुसऱ्या दिवशीही मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. म्हणजे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं तेच. माणूस हाव का दगड.

आता समोर बोलायला कुणी नाही, म्हणून स्वातीची एक जुनी वही घेतली आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर मोठं आणि वाकडं येतं, एका पानात फार काही मावत नाही. तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं, तेव्हा चुका काढायला तुम्ही येणार नाही हे बरं आहे.

गावात तुमचं नाव होतं ते दृष्ट काढण्यासाठी. लेकरू दूध पीत नाही, बोलवा बाईंना. मेंढी कोकराला जवळ घेत नाही, बोलवा. नवं ट्रॅक्टर आलं, बोलवा. तुम्ही पदर कमरेला खोचून यायच्या. डाव्या मुठीत मीठ, मोहऱ्या आणि सात वाळल्या मिरच्या. लेकराला आईच्या मांडीवर बसवायला लावायच्या, आणि मग डोळे मिटायच्या. घट्ट मिटायच्या, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. मिटल्या डोळ्यांनी मूठ डोक्यापासून पायापर्यंत उतरवायच्या, ओठ हलत असायचे. मग तशाच चाचपडत चुलीपाशी जाऊन मूठ जाळात टाकायच्या. एकदा अंगठा भाजला, चांगला फोड आला. मी म्हणाले, "अवो, चुलीपाशी तरी डोळे उघडा." तुम्ही म्हणालात, "मिरच्या जळाल्याबिगर उघडायचे न्हाईत."

मिरच्यांचा ठसका आला नाही की तुम्ही मान डोलवायच्या. "लई कडक लागली व्हती." ठसका आला तर म्हणायच्या, "थोडीच व्हती, उतरली." म्हणजे कसंही झालं तरी तुमचंच बरोबर. यावरून मी तुमच्याशी आयुष्यभर भांडले.

"मिरच्या जाळून ताप उतरतो का?" मी विचारायची.

"तू डागदरकडं ने. मी आडवी आले का?"

"मंग मिरच्या कशाला जाळता?"

"गोळी तापासाठी. मिरच्या तुज्यासाठी. तुजं तोंड बघ कसं झालंय. मिरच्या जळाल्या की तुला जेवन जाईल."

आणि जेवण जायचं, हे मी तुम्हाला कधी कबूल केलं नाही. आज करते. मारोतीला टायफाइड झाला तेव्हा औंढ्याच्या डॉक्टरचं औषध चालू होतं, आणि घरी आल्यावर तुम्ही रोज दिवेलागणीला मूठ उतरवायच्या. औषधानं पोरगा बरा झाला, ते मी आजही म्हणते. पण त्या एकवीस दिवसांत मी उभी राहिले ती तुमच्या त्या मुठीमुळे. ती उतरली की मी भाकरी खायची. तुम्ही समोर बसून बघायच्या आणि मी अर्धी ठेवली की म्हणायच्या, "खा, न्हाईतर तुजी बी काढावी लागंल."

गावाला तुमचं ते डोळे मिटणं फार पटलं होतं. "गंगाबाई डोळे मिटून काढती, म्हनून उतरती," असं बायका बोलायच्या. हळूहळू त्याही मिटायला लागल्या. आपल्या शेजारची सोजर, तिची सून, खालच्या आळीतल्या सगळ्या. आज आपल्या गावात कोणतीही बाई दृष्ट काढते ती डोळे मिटूनच. नव्या सुनांना सासवा शिकवतात की डोळे उघडे ठेवले तर दृष्ट काढणारीला लागते. मला वाटायचं ही तुमच्या माहेरची रीत, हट्टा गावाकडची. मी कधी विचारलं नाही. तिकडे वसमत तालुक्यात हळद पिकते, तशी काही रीतही वेगळी पिकत असेल, एवढंच मी धरून चालले होते.

स्वाती हिंगोलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागली त्या दिवसाची आठवण काढली की ती अजून कपाळाला हात लावते. तुम्ही हट्ट धरून तिच्यासोबत बसनं गेलात. फाटकाबाहेर रस्त्यावरच पिशवीतून मूठ काढलीत, डोळे मिटलेत आणि पोरगी ओवाळलीत. येणारी-जाणारी पोरं थांबून बघत होती. स्वाती दातांवर दात धरून म्हणाली, "मोठी आजी, आता सगळे मला हसतील." तुम्ही म्हणालात, "हसू दे. हसणाऱ्याची नजर लागत न्हाई, गप बसणाऱ्याची लागती." मग चूल कुठून आणायची? चहाच्या टपरीवाल्याला सांगितलंत, बाबा, एवढं तुझ्या भट्टीत टाक. त्यानं टाकलं आणि टपरीवरची सगळी गिऱ्हाइकं खोकत बाहेर पळाली. तुम्ही घरी येऊन ते सांगताना इतक्या हसलात की पाणी पाजावं लागलं.

तिला शिकवण्यासाठीही तुम्हीच भांडला होतात. मारोतीचं म्हणणं होतं की बारावी झाली, बस. मी गप्प होते, पोटच्या पोरापुढे बोलायला मला जड गेलं. तुम्ही मेंढ्यांच्या वाड्यातून हातातला झाडू घेऊन तशाच आलात. "मारोत्या, पोरीला शिकू दे. न्हाईतर मी आजपून तुज्या घरी जेवत न्हाई." तुम्ही दोन दिवस खरंच जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी तो फॉर्म भरायला गेला. ती शिकली म्हणून पुढची गोष्ट घडली.

दोन वर्षांपूर्वीची. थंडीचे दिवस होते, रानात हळद शिजत होती, सगळ्या घराला तो वास लागलेला. तुम्ही आणि मी ओसरीत तूर निवडत होतो. स्वाती सुट्टीवर आली होती. ती मोबाइल घेऊन आपल्यापुढे बसली.

"मोठी आजी, तू करतेस ना, त्याला फार जुना शब्द आहे. ग्रीस नावाच्या देशातला. दोन हजार वर्षांहून जुना."

"काय शबुद?"

"अपोट्रोपायोस."

"अपो... काय गं? थुकी उडती बोलताना."

स्वातीनं चार वेळा म्हणून दाखवला. तुम्हाला पहिली दोन अक्षरं जमली आणि मग हसू आलं. मी विचारलं, "त्याचा अर्थ काय?" ती म्हणाली, "फिरवून लावणारं. वाईट काही आपल्याकडे येत असेल तर त्याचं तोंड दुसरीकडे वळवायचं. त्या लोकांचे देव होते तसे, त्यांच्या दारावर चिन्हं असायची. हे बघ, त्यांच्या दारूच्या प्याल्यांवरही डोळे काढायचे. मोठे-मोठे. माणूस प्याला वर उचलून प्यायला लागला की समोरच्याला ते डोळे दिसायचे."

तुम्ही मोबाइल नाकाशी धरला. काळा-तांबडा प्याला, त्यावर दोन टपोरे डोळे. "दारू पिणाऱ्याला तर नजर लागलीच पायजे," तुम्ही म्हणालात, "सुटंल तरी त्याची." मग विचारलंत, "त्यायच्याकडं मिरच्या व्हत्या का?"

"नाही, मिरच्या फार नंतर आल्या. आपल्याकडेही तेव्हा नव्हत्या."

"मंग जाळायचे काय? असो. पर त्यायचं बराबर हाय. डोळ्याला डोळाच लागतो. आपला डोळा त्याच्या डोळ्यात घालावा, तवा ते मागं फिरतं."

मी संधी सोडली नाही. "मग तुमी काहून डोळे मिटता?"

तुम्ही सुपातली तूर दोनदा पाखडली. खडा नव्हता तरी पाखडली. म्हणालात, "माजी रीत येगळी."

एवढंच. मी तेव्हा जिंकल्यासारखी हसले. बघा, तुम्हालाच सांगता येईना! आणि स्वातीही हसली. तुम्ही सूप उचलून आत गेलात.

तेरवीला तुमची भाची शांता आली, हट्ट्याहून. तुमच्या थोरल्या भावाची लेक. तुमच्यासारखंच नाक, तसंच उभं राहून बोलणं. जेवणावळी उठल्या. पाहुण्यांच्या गर्दीत लेकरू हातोहात फिरलं होतं, ते जे रडायला लागलं ते थांबेना. सोजर म्हणाली, "लई जनांनी बघितलं, आन गं मीठ-मिरच्या." ती बसली, तिनं डोळे मिटले, मूठ उतरवायला लागली.

शांता मोठ्यानं हसली. "अगं बया, ही झोपली का काय?"

सोजर चिडली. "डोळे मिटूनच काढत्यात. तुमच्याच आत्यानं शिकविलंय आमाला."

"आत्यानं? आमच्याकडं असं कुनी करत न्हाई. लेकराच्या डोळ्यांत डोळे घालून काढायची, पापनी बी लववायची न्हाई. आत्यानंच तर मला शिकविली, मी तिच्या लगनाआदी एवढीशी व्हते. माज्या धाकट्या भावाची काढायची तवा डोळे वटारून बसायची अन् ते लेकरू खुदुखुदू हसायचं."

बायका म्हणाल्या, असेल बाई, म्हातारपणी रीत बदलली असेल. विषय संपला. सोजरनं मूठ चुलीत टाकली, ठसका आला, लेकरू झोपलं.

मी ताटं उचलत होते. ताटं तशीच घेऊन मागच्या अंगणात गेले आणि हौदाच्या कट्ट्यावर बसले. बाई, रीत म्हातारपणी बदलली नव्हती. ती कधी बदलली ते मला माहीत आहे. तेव्हाचं जाणणारी आता मी एकटीच उरले, म्हणून ते लिहायला बसले.

मारोतीचं बारसं. तुमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि तुमच्या पदरात लेकरू नव्हतं. आधीच्या पावसाळ्यात काळ्या मेंढीला जुळी कोकरं झाली, तुम्ही म्हणालात, "काय गुटगुटीत हायेत," आणि आठवड्यात दोन्ही मेली. त्या वर्षी गावात निम्म्या घरांची कोकरं मेली होती, रोग होता तो. पण सासूबाईंनी ते वाक्य धरून ठेवलं. मी बाळंतीण झाले तशी त्या माझ्या कानाशी लागल्या. थोरली आली की लेकरू झाकत जा. तिची नजर वाईट हाय.

मी चौथी शिकलेली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. बारशाच्या दिवशी दुपारी घर बायकांनी भरलेलं होतं. पाळणा फुलांनी सजवला होता. तुम्ही सगळ्यांच्या मागून आलात. हातात काळ्या लोकरीचा करदोटा होता. मरून गेलेल्या त्या कोकरांच्या आईचीच लोकर, तुम्ही स्वतः पिंजून, कातून वळलेली. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहिलात आणि पाळण्याकडे वाकून बघायला लागलात. तेव्हा तुमच्या तोंडावर काय होतं ते मला चांगलं दिसलं. तुम्ही हसत होतात. डोळे मोठे करून, पापणी न लववता, लेकराकडे बघत होतात.

मी पदर ओढला आणि पाळणा झाकला.

सासूबाईंनी झाकला नाही. मी झाकला. विश्वास नसताना झाकला. का झाकला, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधत आले. सासूचा धाक होता, हे खरं. पण एक दुसरंही खरं आहे. पहिलं लेकरू होतं आणि मनात आलं, न जाणो. एवढंच. न जाणो. त्या दोन शब्दांसाठी मी तुमच्यासमोर लेकरू झाकलं.

तुम्ही करदोटा उंबऱ्यावर ठेवलात. "मुक्ते, बांद त्याला," म्हणालात आणि मेंढ्यांकडे निघून गेलात. मी तो बांधला. आपण त्यावर कधी बोललो नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही, सासूबाई गेल्यावरही नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखं माझ्या अंघोळीचं पाणी तापवलंत, शेक दिलात, मला वाटलं विसरल्या. मला सोयीचं होतं ते मी मानलं.

वर्षभरानं मारोती संध्याकाळी किंचाळून रडायला लागला, सासूबाईंनी मूठ उतरवूनही थांबेना, तेव्हा मीच धावत तुमच्याकडे आले. "बाई, तुमी काढा." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत. मग मिठाचं मडकं घेऊन आलात, पोराच्या पुढ्यात बसलात आणि डोळे मिटलेत. आणि मी, जिनं पदर ओढला होता तीच मी, म्हणाले असेन की हट्ट्याकडची रीत असेल.

आता एकेक आठवतं आणि जागेवर बसतं. तुम्ही मारोतीला कडेवर घ्यायच्या ते त्याचं तोंड बाहेर करून. मी म्हणायची, "असं काय धरता, लेकराला आपल्याकडं तोंड करून धरावं." तुम्ही म्हणायच्या, "त्याला जग दिसू दे." स्वातीलाही तसंच. मी रानात जायची आणि तुम्ही दोन पिढ्या सांभाळल्यात. न्हाऊ घातलंत, भरवलंत, झोपवलंत, आणि तोंड बाहेर करून कडेवर फिरवलंत. मारोतीला मिशी फुटली तेव्हा कुठे तुम्ही त्याच्याशी समोरासमोर बसून बोलायला लागलात. आम्ही म्हणायचो, थोरलीला मोठ्या माणसांतच करमतं, लहान लेकरांचा लळा नाही.

मला आणखी एक भीती वाटते. तुम्हाला ते खरं वाटायला लागलं होतं का? गावभर दुसऱ्याची नजर उतरवत फिरलात आणि आपल्याच डोळ्यांना भ्यायलात का? आधारकार्डाचा कॅम्प शाळेत लागला होता तेव्हाचं आठवून मला आता धडकी भरते. मशीनवाला म्हणाला, "आजी, डोळे मोठे करा, मशीन डोळ्यांत बघणार." तुम्ही मिटून घेतलेत. "नको बाबा, तुजी मशीन बिघडंल." सगळी रांग हसली. मी सगळ्यात मोठ्यानं हसले. तो म्हणाला, "आजी, डोळे उघडल्याबिगर कार्ड निघत न्हाई." शेवटी मी मागून तुमचं डोकं धरलं आणि म्हणाले, "उघडा वो, रांग थांबून राहिली." तुम्ही उघडलेत. आणि मशीन खरंच बंद पडली. लाइट गेली होती. पण तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बघ, म्हनलं व्हतं ना." पुन्हा सगळे हसले. तुम्हीही हसलात, म्हणून मला वाटलं गंमत आहे.

स्वातीला मी कालच हे सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. ती लेकराला पाजत होती. तिनं लेकरू खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटत राहिली. मी म्हणाले, "बोल काय बोलायचं ते. शिकलेली हाईस." ती म्हणाली, "काय बोलू, आजी?" मग मीच तिला विचारलं, त्या तुझ्या जुन्या शब्दाचा अर्थ पुन्हा सांग. तिनं सांगितला. वाईट असेल त्याचं तोंड फिरवून लावणं. मी म्हणाले, "त्यात एक राहिलं. वाईट कोण ते आदी कुनीतरी ठरवावं लागतं." तिनं मान हलवली. ते तिच्या पुस्तकात आहे की नाही, मला माहीत नाही. ते आपल्या घरात घडलेलं आहे. आम्ही ठरवलं, मी पदर ओढला, आणि जे फिरलं ते तुमचं तोंड. असं फिरलं की मरतानासुद्धा समोर आणलेल्या लेकराकडे वळलं नाही. तुम्ही तिला वाचवत होतात, आणि मी तुम्हाला दगड म्हणाले.

माफी मी मागत नाही. मेलेल्या माणसाची माफी मागणं फार सोपं असतं, ते नाही म्हणत नाही. जिवंतपणी मागायला एवढी वर्षं होती, दोघी रोज एका ताटात शेंगा सोलत होतो, तेव्हा मागितली नाही. आता हे माझ्याजवळच राहील. राग मात्र गेला. तो तुमच्यावर नव्हताच, हे कळायला तेरवी उजाडावी लागली.

आज सकाळी मारोती फोटो घेऊन आला. तुमचा एकही धड फोटो घरात सापडला नाही. लग्नाकार्यात तुम्ही कॅमेरा दिसला की चुलीकडे पळायच्या. शेवटी आधारकार्डावरचाच मोठा करून आणला. मशीन पुन्हा चालू झाली तेव्हाचा. मी मागून डोकं धरलेलं, त्यात माझ्या बोटांची टोकं कडेला दिसतात. फोटोवाला म्हणाला, बोटं काढून टाकू का? मारोतीनं मला फोन करून विचारलं. मी म्हणाले, राहू दे. आणि डोळे! बाई, तुमचे डोळे एवढे मोठे होते, मला ठाऊकच नव्हतं. टपोरे, सरळ समोर बघणारे.

फोटो दक्षिणेच्या भिंतीलाच लागतो म्हणतात. मारोतीनं ओसरीत तिथेच खिळा ठोकला. मी म्हणाले ठीक, फोटो तिथे, मग पाळणा हलवू. पाळणा आत न्हाणीच्या बाजूला होता, तो काढून ओसरीत आणला. मारोती म्हणाला, "आई, इथं येनारं-जानारं समदं गाव बघंल लेकराला." मी म्हणाले, "बघू दे." सून घाबरत घाबरत म्हणाली, मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर तान्हं लेकरू ठेवत नाहीत. मी तिला विचारलं, "कुनी सांगितलं?" ती म्हणाली, असं म्हणतात. मी म्हणाले, "म्हणू दे," आणि हुकात दोरी अडकवली.

आता दुपार आहे. सगळे जेवून पडलेत. पाळणा तुमच्या बरोबर समोर आहे. लेकरू जागं आहे, पाय मारतंय, तुमच्याकडेच बघतंय, तुमच्या फोटोच्या काचेवर उजेड पडलाय म्हणून असेल. अंगावर माश्या बसू नयेत म्हणून सुनेनं पाळण्यावर पातळ लुगडं टाकलं होतं. ते मी आत्ता उठून काढलं, घडी करून खाटेवर ठेवलं आणि हातानं माश्या वारत बसले आहे.

बघा, बाई. पोटभर बघा.